माकुळाचं वय, पोट्टीचा दाखला

अमरावतीत बसून समुद्रातल्या प्राण्यावर पीएचडी करते म्हटलं, की लोक आधी हसतात आणि मग विचारतात, "खाता येते का ते?" येतं. कोकणात खातात, माकूळ म्हणतात त्याला. आमच्या वऱ्हाडात त्याला नावसुद्धा नाही. चांदूर रेल्वेहून आई आली होती तेव्हा तिला बरणीतला एक दाखवला. नळीसारखं लांबट अंग, मोठाले डोळे आणि डोक्यालाच फुटलेले दहा हात. आई बराच वेळ पाहत राहिली. "अवं माय! ह्याच्यापायी लग्न नाई केलं तू?" म्हणाली, आणि नाकाला पदर लावून बाहेर जाऊन बसली.

तर ह्याच्यापायी माझी नऊ वर्षं गेली. अकोल्याच्या एका कॉलेजात तासिकेवर शिकवायचं, म्हणजे तास आहे तोवर मॅडम, मार्च संपला की बसा घरी. आठवड्यातले चार दिवस अमरावती-अकोला अपडाऊन. उरलेले तीन दिवस अमरावतीत माझ्या गाईड सरांच्या प्रयोगशाळेत. सरांचा एक मित्र किनाऱ्यावर नोकरीला होता. खोल समुद्रातून परतलेल्या बोटींवरचे माकूळ गोळा करून, स्पिरिटात बुडवून तो निळ्या ड्रमातून पाठवायचा. विषयही सरांचाच: महासागरी माकुळाचं वय, वाढ आणि पक्वता. देताना म्हणाले होते, "तीन वर्षांत होऊन जाईल." सरांचं काय जातं म्हणायला!

माकुळाचं वय अंगावर दिसत नाही. ते असतं डोक्यात. तिथे तोल सांभाळण्यासाठी दोन बारके खडे असतात, राजगिऱ्याच्या दाण्याएवढे. जन्मल्यापासून त्या खड्यावर रोज एक वळं चढतं. एक दिवस, एक वळं. चिमट्यानं खडा काढायचा, काचेवर चिकटवायचा आणि ओल्या पॉलिश पेपरवर बोटानं घासत राहायचा, अगदी मधलं, जन्माचं वळं दिसेस्तोवर. मग सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून मोजायचं. दोनशे दहा, दोनशे अकरा... तेवढ्यात कोणी "चहा घेता का मॅडम" म्हटलं की गेलं, पुन्हा एकपासून. घासणं कमी पडलं तर मधलं दिसत नाही. एक हात जास्त पडला तर कड उडते, आणि प्राण्याचे शेवटचे दिवस कडेवरच असतात. असा खडा टाकून द्यायचा. आणि जिवंत माकुळाचं वय सांगताच येत नाही. आधी मारायचा, मग विचारायचं, बाप्पा, तुझं वय किती?

जगतो जेमतेम वर्षभर. भराभर वाढतो, पिकतो, अंडी घालतो, मरतो. पण किती वाढला यावरून किती दिवसांचा ते कळत नाही. वीतभर मादी असायची, आणि चिरून पाहावी तर पूर्ण पिकलेली. तिच्या दुप्पट लांबीची दुसरी, वरून थोराड, आतून कोरी. सर म्हणायचे, "लांबीवर जाऊ नका. लांबी खोटं बोलते." नऊ वर्षांत सरांनी एवढी एक गोष्ट खरी शिकवली.

आणखी एक प्रकार निघाला. काही माद्या आतून अगदी कच्च्या, अंड्यांचा पत्ता नाही, आणि तोंडाशी मात्र नराच्या बीजाच्या पिशव्या चिकटवलेल्या. नर थांबत नाही. तो आपलं काम उरकून निघून जातो, आणि मादी पिकेपर्यंत ते तोंडाशी वागवत फिरते. पहिली अशी मादी पाहिली त्या दिवशी मी वहीत नोंद केली आणि हात धुवायला गेले. नळाखाली हात धरून मी किती वेळ उभी होते कोण जाणे.

आता या कामाचा एक नियम. एकाच माणसाच्या मोजणीवर कोणी विश्वास ठेवत नाही. दोघांनी मोजायचं, एकमेकांना आकडा न सांगता. प्राण्याची लांबीही बघायची नाही, नाही तर मन आपोआप मोठ्याला मोठं वय देतं. दोघांचे आकडे जवळ आले तर धरायचे, नाही तर खडा बाद. माझ्यासोबत आधी मोजायला होता तो गडी माझी वही उघडून माझ्याच आकड्यांत दोन-चार कमी-जास्त करून लिहायचा. मला कळलं तेव्हा मी भर प्रयोगशाळेत त्याची अशी काही हजेरी घेतली की तो पुन्हा फिरकलाच नाही. खोट्याची मला भारी चीड. म्हणजे तेव्हा मला तसं वाटायचं.

मग भाची आली. माझी थोरली बहीण धारणीकडच्या एका खेड्यात दिलेली. भाऊजींचा भाजीचा धंदा, धारणीच्या बाजारात दुकान लावतात. त्यांची ही थोरली पोरगी अकरावी-बारावी सायन्सला माझ्याकडे अमरावतीत राहिली. रविवारी घरी एकटी काय करणार म्हणून मी तिला प्रयोगशाळेत नेलं. तिनं सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला आणि ओरडली, "मावशी, हा तं चिरलेला कांदा हाय!"

कांदा तर कांदा. मी तिला मोजायला शिकवलं. महिनाभरात तिचे आणि माझे आकडे असे जुळायला लागले की सरांना संशय आला. त्यांनी तिला एका खोलीत आणि मला दुसऱ्या खोलीत बसवलं. तरी दोन-तीनच्या वर फरक नाही. जिथे फरक पडायचा तिथे पुन्हा बघितलं की बहुतेक वेळा मीच चुकलेली असायची. "तू कडेले घाई करतं, मावशी," ती म्हणायची. "आधी चांगलं मोजतं, अन् कडेले आलं की पयतं." मला राग यायचा. तिचं खरं होतं म्हणून जास्त यायचा.

पोरगी उंच, उफाड्याची. वर्गात सगळ्यांत मागे बसायची. आणि वर्गात सगळ्यांत लहान तीच होती, चांगली सव्वा वर्षानं. हे कॉलेजात कोणाला माहीत नव्हतं. मला माहीत होतं, कारण ते माझंच काम.

ती झाली तेव्हा मी तिथेच होते. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून ताईला आणायला मी धारणीला गेले होते. पोळा होता, भाऊजी म्हणाले बैलांची पूजा झाल्याशिवाय घरातली बाई कशी जाईल. झाली पूजा. दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, सकाळीच आम्ही काळीपिवळीत बसलो आणि घाटात ताईला कळा लागल्या. सेमाडोहच्या अलीकडे, एका वळणावर, जीप बाजूला घेऊन ड्रायव्हर आणि बाकीचे बाप्ये रस्त्यावर पाठमोरे उभे राहिले, आणि पोरगी माझ्या हातात आली. एक अनोळखी म्हातारी सोबत होती म्हणून निभावलं. परतवाड्याला दवाखान्यात गेलो तर ते म्हणाले, इथे झाली नाही, आम्ही कशी लिहू. धारणीवाले म्हणाले, आमच्या हद्दीत झाली नाही. आम्ही दोन खेटे घातले आणि सोडून दिलं. पोरगी जिवंत होती, बाळंतीण धड होती, कागदाचं काय एवढं. असं म्हणालो आम्ही सगळे.

पोरगी पाचचीही नव्हती तेव्हा ताईला मुलगा झाला, आणि ही दिवसभर भावाला कडेवर घेऊन हिंडायला लागली. मी उन्हाळ्यात गेले तर तिच्या कमरेला वळ पडलेला. माझं डोकंच फिरलं. जूनमध्ये शाळा उघडल्या-उघडल्या तिला धरून शाळेत नेलं. गुरुजी म्हणाले, "सहा पूर्ण पाह्यजे, ताई. जन्माचा दाखला?" मी म्हटलं, जीपमध्ये झाली, दाखला नाही. "मंग तुमीच भरून द्या ना घोषणापत्र. शिकल्या-सवरल्या दिसता. आमी सगळ्यायले एक जूनच टाकतो."

मी एक जून टाकला, आणि वर्ष मागचं. ताई दारात उभी होती. तिनं विचारलं, "अवं, पन ते तं पोळ्याले झाली ना? काई होनार तं नाई?" मी सही करत म्हटलं, "कोण पाहते, ताई!"

हे तीन शब्द मी हसत म्हणाले होते. वाटलं, सव्वा वर्ष आधी शाळेत गेली, सव्वा वर्ष आधी मोकळी होईल. शिकलेल्या माणसाची अक्कल, दुसरं काय!

बारावीचा निकाल लागला. चांगले गुण पडले. मी तिच्यासाठी अमरावतीत बीएस्सीचा फॉर्म आणून ठेवला होता. त्याच आठवड्यात ताईचा फोन आला. अकोल्याचं स्थळ, भाजीच्या अडतीवाले, पोरगा एकुलता एक. सगळं ठरलं. दहा जूनला हळद, अकराला लग्न. मी म्हटलं, ताई, सोळा वर्षांची आहे ती! तिकडून ताई शांतपणे म्हणाली, "एक जूनले अठरा पुरे होतात तिले. टीसीवर हाये."

एक जून उलटायची वाट पाहिली होती त्यांनी. कायद्यानं वागणारी माणसं!

मी भांडले. फोनवर भांडले, मग जाऊन भांडले. भाऊजी खाटेवर बसून सुपारी कातरत होते. "इतकी उंच पोट्टी घरात ठेवून लोकायची तोंडं कोन धरन? पाह्यनारा म्हने, वीसची वाटते." लांबी खोटं बोलते, हे मी त्यांना कसं सांगणार? ताईला बाजूला घेतलं, तिच्या हातापाया पडले. म्हटलं, तुला आठवतं ना, तान्हा पोळा, घाट, ती म्हातारी? ताई ओलं भांडं पुसत राहिली. मग एकदम वळली. "मले सगळं आठवते. अन् शाळेतलंबी आठवते. त्या दिवशी तू म्हने, कोन पाह्यते. मंग आता कावून पाह्यतं?"

मी तशीच निघाले, परतवाड्याच्या स्टँडवर उतरले आणि बालविवाह रोखणाऱ्या हेल्पलाइनला फोन लावला. नाव, गाव, तारीख, सगळं सांगितलं.

दहा तारखेला सकाळी ते आले. एक सरकारी मॅडम आणि एक पोलीस बाई. जांभळीच्या डहाळ्यांचा मांडव, उकाडा, आणि मांडवात हळद लावलेली पोरगी पाटावर. मीही होते. मावशी नाही आली तर लोक काय म्हणतील, म्हणून मला बोलावलं होतं. बाया गाणी म्हणता-म्हणता गप्प झाल्या. भाऊजींनी आतून प्लॅस्टिकच्या पिशवीतून टीसी काढून आणली. मॅडमनी दोनदा वाचली. "कागद तर बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "तक्रार कोणाची?"

मी पुढे झाले. म्हटलं, माझी. हिचा जन्म माझ्या हातावर झाला. आज ही सहा हजार एकशे सत्तावीस दिवसांची आहे. अठराला वर्षाच्या वर बाकी आहे.

मांडवात कोणीतरी फिस्सकन हसलं. मॅडम हसल्या नाहीत, चांगल्या होत्या बिचाऱ्या. त्यांनी मला बाजूला घेऊन समजावलं, की शाळेचा दाखला असला की तोच धरतात. डॉक्टरनं हाडांचा फोटो काढून वय सांगितलं तरी दोन वर्षं इकडे-तिकडे होतंच. म्हणजे खोल समुद्रातल्या माकुळाचा एकेक दिवस आम्ही मोजतो, आणि मांडवात बसलेल्या पोरीचं वय दोन वर्षं इकडे-तिकडे! "एकच मार्ग आहे," त्या म्हणाल्या. "ही नोंद मुळात खोटी आहे, असं ती करणाऱ्यानं लेखी द्यायला पाहिजे. मग मला उद्याचं लग्न थांबवून चौकशी लावता येईल. कोणी भरला होता हा फॉर्म?"

मी म्हटलं, मी.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. काय करता विचारलं. मी सांगितलं. आणि सांगता-सांगताच पुढचं आठवलं. अकोल्याच्या कॉलेजात कायम जागेसाठी माझी मुलाखत होऊन निवड झाली होती, नऊ वर्षांनी. ऑर्डर यायची होती. पोलिसांकडून चारित्र्याचा कागद तेवढा बाकी होता. मॅडमच्या लक्षात आलं असावं, कारण त्या हळूच म्हणाल्या, "खोटं घोषणापत्र दिलं, असं तुम्ही लिहून देणार. पुढे काय होईल ते मी नाही सांगू शकत. बघा बाई."

पोलीस बाईंनी कागद दिला, पेन दिलं. मांडवातल्याच एका खुर्चीवर कागद ठेवून मी लिहायला लागले. मी, खाली सही करणारी, अमुक साली अमुक शाळेत माझ्या बहिणीच्या मुलीची जन्मतारीख. एवढं झरझर लिहिलं. पुढचा शब्द होता 'खोटी'. तिथे हात थांबला.

फार वेळ नाही. कोणी घड्याळ लावलं असतं तर अर्धं मिनिटही भरलं नसतं. मला ऑर्डर दिसली, अपडाऊन दिसलं, मार्च संपल्यावरचं रिकामं घर दिसलं. आई दिसली. मी लिहिणार होते. शपथेवर सांगते, मी लिहिणार होते. पण मान वर करून पाहिलं तर पोरगी पाटावरून माझ्याकडेच बघत होती. सूक्ष्मदर्शकात बघायची तशी, एकही वळं न सोडता.

"मॅडम," ती मोठ्यानं म्हणाली. "मावशीले बरोबर याद नाई. मले अठरा झाले."

मॅडमनी विचारलं, कोणाचा दबाव आहे का? नाही म्हणाली. लग्न तुझ्या मर्जीचं आहे का? हो म्हणाली. टीसीवर तारीख, मुलीचा जबाब, आणि माझ्याकडे अर्धवट वाक्य. मॅडमनी तो कागद माझ्या हातून घेतला, घडी घातली आणि मलाच परत दिला. बायांनी गाणं जिथे सोडलं होतं तिथून पुन्हा धरलं.

दुपारी आतल्या खोलीत ती एकटी सापडली. मी तिला धरून गदागदा हलवलं. काहून बोलली तू तसं, मूर्ख! मी लिहून राहिली होती ना! तिच्या हाताची ओली हळद माझ्या साडीला लागली.

"तू थांबली होती, मावशी," ती म्हणाली. "कडेले आली अन् थांबली." मग माझ्या साडीवरची हळद पुसायला गेली आणि ती जास्तच पसरली. "जाऊ दे. तुई नोकरी गेली असती वं."

लग्न झालं. मीही जेवले त्या पंगतीत. दीड महिन्यानं माझी ऑर्डर आली आणि मी कायम झाले. आता अकोल्यातच खोली घेतली आहे. तिचं सासर माझ्या कॉलेजपासून ऑटोनं दहा मिनिटं. मी दोनदा गेले. दोन्ही वेळा सासू समोर बसून होती आणि भाची चहा ठेवून आत गेली ती निघताना बाहेर आली. बीएस्सीचं विचारलं तर सासूच म्हणाली, "शिकन ना, आमी का नाई म्हनतो काय? पयले घर तं समजून घेऊ दे."

प्रबंध जमा केला. सर्व वयांच्या तक्त्यात पहिला वाचक, दुसरा वाचक असे दोन रकाने आहेत, आणि दुसऱ्या रकान्यातला एकेक आकडा तिचा आहे. सरांनी आभारात तिचं नाव घालू दिलं नाही. बारावीची पोरगी दुसरी वाचक होती हे परीक्षकांना कळलं तर मोजणीवर शंका घेतील म्हणे. मी भांडले नाही. आता कोणत्या तोंडानं भांडू? त्या कच्च्या माद्यांचं एक वेगळं पान आहे प्रबंधात. जमा करण्याआधीच्या सादरीकरणाला बाहेरून आलेल्या तज्ज्ञांना तेच पान सगळ्यांत आवडलं. फार महत्त्वाची नोंद, म्हणाले.

परवा तान्हा पोळा होता. अकोल्याच्या गल्लीत लहान पोरं लाकडी नंदी ओढत घरोघरी जात होती. मी सकाळीच तिला फोन केला. पलीकडे भांड्यांचा आवाज, कुकरची शिट्टी, मग ती आली. मला राहवलं नाही. म्हटलं, "बाई, आज सतरा झाले तुला. खरे सतरा."

ती अगदी हळू आवाजात म्हणाली, "हळू बोल, मावशी. फोन स्पीकरवर हाये."